कातरणाच्या टोपलीतली बाळंतीण

मांजर पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी त्याला हाकललं होतं. पावसाळा संपत आला होता. समुद्राकडच्या रस्त्यावरच्या खानावळी पावसाळ्यापुरत्या बंद, त्यांची छपरं अजून ताडपत्रीखालीच होती, त्यामुळे तिथल्या उष्ट्यावर जगणारी मांजरं वस्तीत शिरली होती. ही त्यातलीच एक. पांढऱ्या अंगावर काळे-पिवळे डाग, एका कानाचा लचका तुटलेला आणि पोट जमिनीला लागेल इतकं खाली आलेलं. दारापुढच्या खळ्यात, अंगणातल्या तुळशीपाशी बसून माझ्याकडे बघत होती. मी हातातली केरसुणी आपटली. ती उठली, चार पावलं गेली आणि पुन्हा बसली.

मला मांजरांचा राग नाही. पण त्या दिवसांत कुणी माझ्याकडे काही मागण्यासाठी बघितलं की मला दमायला व्हायचं.

घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. आईचं डोकं गेल्या काही वर्षांत हळूहळू रिकामं होत गेलं. सुरुवातीला गॅस बंद करायला विसरायची, मग जेवल्याचं विसरायला लागली, आणि आता कधीकधी मला धाकट्या मावशीच्या नावानं हाक मारते. शरीर मात्र ठणठणीत. दिवसभर घरातून फिरते, वस्तू उचलते, दुसरीकडे ठेवते. माझी कात्री मला तांदळाच्या डब्यात मिळाली आहे, आणि देवाची घंटा न्हाणीघरात. मी घरीच ब्लाऊज शिवते. पडवीत मशीन आहे, तिथून माजघराचं दार दिसतं. एक डोळा सुईवर आणि एक डोळा त्या दारावर, असं माझं काम चालतं. भाऊ गोव्यात नोकरीला. रविवारी फोन करतो.

दिवाळीच्या आधीचे दिवस शिवणकामाचे सगळ्यात वाईट. खुंटीवर कापडांच्या पिशव्या लटकलेल्या, आणि प्रत्येक बाईला आपला ब्लाऊज आधी हवा. अशाच एका दुपारी मी अस्तर कापत होते तेव्हा मशीनच्या मागून बारीक चूं चूं ऐकू आलं. तिथे कातरणाची टोपली असते, कापून उरलेले तुकडे मी तिच्यात टाकते. वाकून बघितलं तर ती तीच मांजर. रेशमी, सुती, जरीच्या तुकड्यांत आडवी पडली होती आणि तिच्या पोटाशी तीन ओली पिल्लं. एक काळं, एक पिवळं आणि एक तिच्यासारखंच डागाडागांचं. शेवटचं ती अजून चाटतच होती.

मी खाली फतकल मारून बसले. मला आनंद वगैरे काही झाला नाही. आता हेही, एवढंच मनात आलं.

आई पाठीमागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. "गो बाय," ती म्हणाली, "मांजरान पिल्लां घातल्यान!" आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की मी बघतच राहिले. कित्येक महिन्यांत तिनं कुठल्या गोष्टीला योग्य नाव दिलं नव्हतं. ती हळूच वाकली, टोपलीवर पदर धरला आणि मला दटावलं, "बघत काय रवलंस? बाळंतिणीक पेज घाल. पेजेत माशाचो तुकडो घाल. आणि हय कोणाक येऊक देऊ नको, दिष्ट लागात."

मी पेज घातली. सकाळची उरलेली होती, तिच्यात बांगड्याचा तुकडा कुस्करला. मांजरीनं ताटली चाटून पुसून स्वच्छ केली. आई समोर पाटावर बसून बघत होती. ती तासभर जागची हलली नाही आणि मी त्या तासात एक अख्खा ब्लाऊज पूर्ण केला. वाटलं, चला, निदान हा तरी फायदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकत होते तर पडवीतून हाक आली, "गो बाय, हय ये! मांजरान पिल्लां घातल्यान! माका कोणी सांगूक नाय!"

तोच चेहरा, तोच आनंद, आणि मग पुन्हा पेजेचा हुकूम. मीही आश्चर्य दाखवलं, "होय गो? कधी?" तिसऱ्या दिवशीही तसंच. शेजारची भाभी त्या वेळी मासे द्यायला आली होती, ती हसून म्हणाली, "तुझ्या आयेक रोज नवो आनंद. आमच्या नशिबात खंय?" मीही हसले. पण खरं सांगायचं तर पुढच्या काही दिवसांत मला त्या हाकेची धास्ती वाटायला लागली. रोज सकाळी उठून नव्यानं आनंदी होणं सोपं नसतं. रात्री आई तीनतीनदा उठायची, दाराची कडी काढायला बघायची. माझी झोप पुरी व्हायची नाही. आणि सकाळी ही हाक. मग मी चुलीपाशी बसूनच "होय, होय" म्हणायला लागले.

ही भाभी म्हणजे आमच्या कुंपणापलीकडचं घर. तिचा नवरा बंदरावरून मासे उचलतो आणि टेम्पोनं कुडाळला, बांद्याला पोचवतो. आम्ही शेजारी राहून तीस वर्षं झाली असतील. ईदला शिरकुर्मा इकडे येतो, चवथीला मोदक तिकडे जातात. अंघोळ घालताना माझी आई घसरली तेव्हा माझ्या हाकेला धावून आलेली हीच. मांजरीचं काहीतरी बिनसलंय हेही आधी तिच्याच लक्षात आलं. मला कुठलं कळायला? मी पेज ठेवायचे आणि मशीनवर बसायचे.

"गो, ही खायत नाय," भाभी म्हणाली. ताटली भरलेली होती आणि तिच्यावर मुंग्या चढल्या होत्या. तिनं टोपलीत हात घातला. मांजरीनं एरवी नखं काढली असती, पण तिनं नुसते डोळे मिटले. "हिका ताप आसा. आणि हिची आचळां बघ, दगड झाली. पिल्लांका दूध येयत नाय."

पिल्लं खरंच ओरडत होती. मी तो आवाज ऐकत होते, पण पिल्लं ओरडायचीच असं समजून चालले होते. जवळपास जनावरांचा डॉक्टर म्हणजे गाईम्हशींचा, आणि तोही त्या आठवड्यात रजेवर. भाभी म्हणाली की कुडाळला मांजरांचा दवाखाना आहे, टेम्पो पहाटे तिकडे जातोच आहे, त्यात बस. मी म्हटलं, आईचं काय? खुंटीवरच्या पिशव्यांचं काय?

"पिशव्यांचा माका म्हायत नाय. आयेकडे मी बसतंय. तू जा."

त्या रात्री मी अंथरुणावर पडून विचार करत होते की सकाळी ती मांजर आपोआप बरी झालेली असावी किंवा मग सगळंच आटपलेलं असावं. मला फक्त कुठे जायला नको होतं.

पहाटे दोन्हींपैकी काहीच झालेलं नव्हतं. मी खोक्यात जुनं लुगडं अंथरलं, त्यात मांजर आणि तिन्ही पिल्लं ठेवली आणि टेम्पोत पुढे बसले. भाभीचा नवरा कमी बोलणारा माणूस. मागे बर्फात बांगड्यांच्या आणि सुरमईच्या पेट्या. पाणी ठिबकत होतं. गाडीभर माशांचा वास. पण मांडीवरच्या खोक्यातून मांजरीनं नाकही वर केलं नाही. त्यानं एकदा त्या खोक्याकडे बघितलं आणि म्हणाला, "माशाच्या गाडयेत बसून मांजर गप रवला, म्हणजे बराच दुखणां आसा." मग गाडी जरा जोरात हाणली.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं मांजरीला तपासलं, ताप बघितला, दोन इंजेक्शनं दिली. "मावशी, दूध आत अडकून गाठी झाल्या आहेत. गरम पाण्याच्या फडक्यानं शेकायचं, दिवसातून जमेल तितक्या वेळा. औषध देते. ती बरी होईपर्यंत पिल्लांना तुम्हालाच पाजावं लागेल. गाईचं दूध नको, ही पावडर घ्या. आणि पाजून झालं की ओल्या कापसानं त्यांचं खालचं अंग पुसायचं, नाहीतर त्यांना शी-शू होत नाही."

मी ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी येत होतं. तिला वाटलं मांजरीसाठी. "होईल हो ती बरी," ती म्हणाली. मी पावडरचा डबा पिशवीत टाकला. सकाळी आईचं खालचं अंग पुसून मी निघाले होते आणि घरी जाऊन पुन्हा तेच करायचं होतं. त्यात आता ही तीन. तिला हे कसं सांगणार?

घरी आले तर आई दारात. "माझा चेडू खंय गेला म्हणान मी कवापासून बघतंय," ती भाभीला सांगत होती. चेडू म्हणजे तिची मुलगी, मी. मला बघून तिनं विचारलं, "तू कोणाची गो?" मग खोक्यात डोकावली आणि तिचा चेहरा पुन्हा तसाच उजळला.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. ड्रॉपरनं पिल्लांना पाजायचं. एकाचं पोट भरेपर्यंत दुसरं ओरडायचं. कापूस, कोमट पाणी, फडकी. मग आईला भरवायचं. ती तोंड मिटून घ्यायची. तिला "आ कर" म्हणताना मी स्वतःचंच तोंड उघडायचे, आणि पिल्लांना पाजतानाही तेच करत होते हे भाभीनं मला हसून दाखवलं. ब्लाऊजवाल्या बायका यायच्या, मी म्हणायचे उद्या. एक जण रागावून कापड परत घेऊन गेली. तिच्या जाण्यानं मला बरंच वाटलं, एक पिशवी कमी झाली.

भावाचा रविवारचा फोन आला तेव्हा मागे पिल्लं ओरडत होती. त्यानं विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, "आयेचा करताना तुझो जीव जाता, आणि ह्या कित्याक? नेऊन सोड खंयतरी बाजारात."

त्याचं चूक नव्हतं. मी त्याच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. पण माझा आवाज चढला. "तू येऊन दोन दिस आयेकडे रव, मगे सांग." त्यानं फोन ठेवला. मी ड्रॉपर पुन्हा भरला.

मांजरीला शेकण्याचं काम मात्र आईनं आपल्याकडे घेतलं. मी फडकं गरम पाण्यात पिळत होते, तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं, गालाला लावून बघितलं आणि म्हणाली, "ह्या लय कडत आसा." फुंकर मारून निववलं, मग मांजरीच्या पोटावर ठेवलं. इतकं बेतानं, इतकं हलकं की ती मांजर घुरघुरायला लागली. आई पाटावर बसून तासन् तास शेकायची. शेकताना तिला मी कोण हे आठवत नव्हतं, पण फडकं कधी थंड झालं ते कळत होतं. मी तिच्या शेजारी बसून पिल्लं पाजायचे. आमच्यात बोलणं नसायचं. या काळातलं जर काही मला पुन्हा हवंसं वाटत असेल तर त्या दुपारी.

मांजरीचा ताप उतरला. गाठी मऊ झाल्या. एक दिवस तिनं ताटलीतला बांगडा ओढून मशीनखाली नेला आणि काट्यासकट फस्त केला. संध्याकाळी पिल्लं तिला लुचत होती आणि ओरडत नव्हती. मी ड्रॉपर धुऊन फळीवर ठेवला आणि त्या रात्री जेवण न करताच झोपले.

त्यानंतर चारेक दिवसांनी असेल, एक बाई ब्लाऊज घालून बघायला आली होती. बाह्या घट्ट होत्या, त्या मी उसवत होते. मांजर टोपलीपाशी येरझाऱ्या घालायला लागली. मग माजघरात गेली, परत आली, माझ्या पायाशी येऊन मोठ्यानं ओरडली. मी टोपलीत बघितलं. काळं होतं, डागाडागांचं होतं, पिवळं नव्हतं.

बाई गेल्यावर मी शोधायला लागले. मशीनखाली, लाकडांच्या ढिगात, चुलीमागे. आई खाटेवर बसली होती.

"आये, पिवळां पिल्लू खंय ठेवलंस?"

"कसला पिल्लू?"

"मांजराचा. तू उचललंस काय?"

"माका काय म्हायत नाय," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. मी भाभीला हाक मारली. दोघींनी मिळून तांदळाचे डबे उघडले, न्हाणीघर बघितलं, गाद्या उचलल्या. मांजर आमच्या मागून फिरत होती. शेवटी ती आईच्या ट्रंकेपाशी जाऊन बसली आणि कडीवर पंजा मारायला लागली.

ट्रंकेत सगळ्यात वर आईची लोकरीची शाल होती, नीट घडी घातलेली. घडीत पिल्लू. तिनं त्याला गुंडाळलं होतं, तान्ह्या मुलाला दुपट्यात गुंडाळतात तसं, चारी बाजूंनी घट्ट, तोंडावरून टोक घेऊन. बाहेर ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं. पिल्लू गार पडलं होतं.

मी ते शालीतून काढत असताना आई उठून आली. तिनं माझ्या हाताकडे बघितलं, शालीकडे बघितलं, ट्रंकेकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि मला स्पष्ट दिसलं की या घटकेला ती पूर्ण इथे आहे. जशी पूर्वी असायची तशी. किती वाट बघितली होती मी या नजरेची.

"मियाच ठेवलंय काय गो ता?" तिनं विचारलं. "तेका थंडी लागत होती. माज्या हातान मेला?"

"नाय गो आये," मी म्हटलं. "ता पयल्यापासूनच अशक्त होता. आपसूक गेला."

"खरा सांगतंस?"

"खरा."

ती खाटेवर बसली आणि आपले हात उलटसुलट करून बघत राहिली. भाभी तिच्याजवळ बसली, तिनं ते हात आपल्या हातात घेतले. मी आगरात गेले, एका माडाच्या मुळाशी खड्डा खणला. कुदळ जमिनीत जात नव्हती, पावसानंतरची माती वरून वाळून दगड झाली होती. पिल्लू एवढंसं, पण खड्डा खणताना मला धाप लागली. खणून झाल्यावर मी तिथेच माडाला टेकून बसले. रडू आलं नाही. इतके दिवस आई भानावर यावी म्हणून मी देवाला सांगत होते. आता मनात येत होतं, घरात शिरेन तेव्हा ती विसरलेली असू दे.

ती विसरली होती. चहा मागत होती. भाभीनं मला डोळ्यांनीच खुणावलं.

त्या दिवशी मांजरीनं आमच्या घरावरचा विश्वास काढून घेतला. संध्याकाळपर्यंत तिनं उरलेली दोन्ही पिल्लं मानगुटीला धरून कुंपणापलीकडे नेली, भाभीच्या खोपीत, जिथे फाटकी जाळी ठेवतात तिथे. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी सुटकेचा श्वास टाकला. ट्रंकेला कुलूप घातलं. टोपली उन्हात वाळवली. सकाळची हाक बंद झाली. आई मशीनमागे यायची, काही शोधत असल्यासारखी थोडी थांबायची आणि परत जायची. मी तिला काही सांगितलं नाही. दुपारी जेवणं झाली की मी ताटली घेऊन खोपीत जायचे. मांजर मला दुरूनच बघायची, मी वळले की मग खायची.

दिवाळी गेली. पिशव्या रिकाम्या झाल्या. पिल्लं खोपीत जाळ्यांतून उड्या मारण्याएवढी झाली तेव्हा काळं भाभीनंच ठेवून घेतलं, टेम्पोतल्या पेट्यांभोवतीच्या उंदरांसाठी. मांजरीला पुन्हा त्याच टेम्पोतून कुडाळला नेऊन तिचं ऑपरेशन करून आणलं. या वेळी ती वाटभर मागच्या पेट्यांकडे तोंड करून ओरडत होती आणि भाभीचा नवरा खूश होता. जखम भरल्यावर ती समुद्राकडे गेली. तिथल्या खानावळी सुरू झाल्या होत्या. आता मधूनच दिसते, अंगानं भरली आहे, मला ओळख देत नाही.

डागाडागांचं पिल्लू बांद्याच्या अलीकडच्या एका गावात गेलं. माझ्याकडून ब्लाऊज शिवून घेणारी एक बाई तिथली. घराला लागून काजूची बाग, माळ्यावर भात, उंदरांचा सुळसुळाट. पिल्लू मीच पोचवायचं ठरवलं. भाभी आईकडे बसली. एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, पिल्लू वाटेत दोनदा मुतलं.

त्या बाईंचं घर रस्त्यापासून आत होतं. त्यांनी पिल्लू घेतलं, पडवीत सोडलं. ते आधी बाकाखाली लपलं, मग हळूच बाहेर येऊन भाताच्या पोत्यांचा वास घेत फिरायला लागलं. मी लगेच निघायला उठले, साडी ओली होती, परतीची गाडी होती.

"बसा मगे," बाई म्हणाल्या. "पाणी पियात. घाई कसली?"

त्यांनी आरामखुर्ची पुढे ओढली, डोक्यावरचा पंखा लावला आणि पाणी आणायला आत गेल्या. मी खुर्चीत टेकले. समोर अंगणात कुणीतरी नुकतंच सारवलं होतं. आत भांड्यांचा आवाज येत होता, पण ती भांडी माझी नव्हती. कुणी मला हाक मारत नव्हतं.

जाग आली तेव्हा ऊन कलंडलं होतं. शेजारच्या स्टुलावर पाण्याचा तांब्या झाकून ठेवलेला, आणि माझ्या पायांवर कुणीतरी चादर टाकली होती. परतीची गाडी कधीच निघून गेली होती. बाई उंबरठ्यावर बसून काजूगर सोलत होत्या, दाराशी त्यांचा मुलगा स्कूटर पुसत होता.

"उठवलं नाय तुमका," त्या म्हणाल्या. "आता माझो झील बाजारात जातलो, तो तुमका संध्याकाळच्या गाडयेर सोडीत. च्या टाकतंय."

मी तांब्या उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.